विक्री कोणाच्या नावावर? नाशिकच्या तीन दुकानांतल्या फेररचनेचं प्रकरण

१ एप्रिल २०२३, शनिवार. मेन रोडच्या जुन्या दुकानात सकाळची पूजा झाली, थोरल्या शेठनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि पाठोपाठ धाकट्या दादांनी प्रत्येकाला एकेक पाकीट दिलं. पाकिटात नवं पद आणि नवा पगार होता. पद सगळ्यांना एकच: ‘ग्राहक सल्लागार’. फ्रिज आणि वॉशिंग मशिनच्या काउंटरवर एकोणीस वर्षं उभ्या असलेल्या काकांनी कागद वाचला, चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि फडकं घेऊन डिस्प्लेच्या फ्रिजचे दरवाजे पुसायला लागले. कोणी काही बोललं नाही.

त्या पाकिटातली पगाराची आकडेमोड माझी होती. नाशिकमधल्या छोट्या-मध्यम व्यापाऱ्यांची पगारपत्रकं, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) हे माझं रोजचं काम. शेठ आणि दादा ज्या घराण्याचे, त्यांच्या टीव्ही-फ्रिज-मोबाइलच्या तिन्ही दुकानांचं कामही माझ्याकडेच आहे. पुढे जे बिघडलं आणि नंतर जे थोडंफार सावरलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे. शेठ आणि दादा दोघांनीही लिहायला हरकत घेतली नाही, फक्त दुकानाचं आणि माणसांचं नाव नको म्हणाले. नावं कुठेच दिलेली नाहीत.

दुकानं आणि माणसं

एक दुकान मेन रोडला, दुसरं कॉलेज रोडला, तिसरं नाशिक रोडला. पगारपत्रकावर ४६ माणसं. त्यातले २४ विक्रीवर, बाकीचे बिलिंग, गोडाऊन, टेम्पो आणि हिशोबाला. तिन्ही दुकानांची गिऱ्हाइकं मात्र तीन तऱ्हांची. मेन रोडला निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची शेतकरी मंडळी येतात. मुलीच्या लग्नाचं सामान काढायचं म्हणजे टीव्ही, फ्रिज, मशिन एकाच दिवशी, एकाच टेम्पोत. कॉलेज रोडचं गिऱ्हाईक मॉडेल नंबर मोबाइलवर काढूनच दारात पाऊल ठेवतं. नाशिक रोडला नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधले, रेल्वेतले, निवृत्त लोक. ते तीनदा येतात, चौकशी करून जातात, आणि चौथ्यांदा घेतात तेव्हा ओळखीच्या माणसाकडूनच घेतात.

या ४६ जणांशिवाय दुकानात आणखी माणसं असतात, आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. ती म्हणजे प्रमोटर. अंगात कंपनीचा टी-शर्ट, पगार कंपनीने नेमलेल्या एजन्सीकडून, टार्गेट कंपनीचं, उभं राहायचं मात्र दुकानदाराच्या जागेत. गिऱ्हाइकाला हा दुकानाचाच माणूस वाटतो. तो आपल्या कंपनीचाच टीव्ही चांगला म्हणणार, त्याचं पोट त्याच्यावर आहे. कोपऱ्यात फायनान्सवाल्याचं टेबल, त्याचाही पगार बाहेरून. म्हणजे सोफ्यावर बसलेल्या एका जोडप्याशी पाच मिनिटांत तीन वेगवेगळ्या मालकांची माणसं बोलतात.

दादांना काय खटकत होतं

धाकटे दादा पुण्याहून एमबीए करून आले आणि वर्षभर नुसते दुकानात बसून होते. त्यांची निरीक्षणं चुकीची नव्हती, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून सगळा दोष त्यांच्या शिक्षणावर टाकायचा मोह होईल.

डिसेंबरात एसीच्या काउंटरवरचे तिघं मोकळे बसलेले आणि मोबाइलच्या काउंटरवर रांग, हे चित्र त्यांनी रोज पाहिलं. ‘ते माझं काउंटर नाही’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर यायचं. लग्नाची खरेदी करणाऱ्या कुटुंबाला आपलं बजेट टीव्हीवाल्याला, फ्रिजवाल्याला आणि मशिनवाल्याला असं तीनदा सांगावं लागायचं. मोठ्या साखळी दुकानांनी शहरात बस्तान बसवलेलं, गिऱ्हाईक समोर उभं राहून मोबाइलवर ऑनलाइन भाव दाखवायचं, आणि एका टीव्हीमागे सुटणारे पैसे दरवर्षी कमी होत चाललेले. पगाराचा बोजा मात्र ठरलेला. काउंटर इन्चार्ज म्हणवणाऱ्या सहा ज्येष्ठांचा पगार सगळ्यात जास्त, आणि त्यांच्या नावावरची बिलं तरुण पोरांपेक्षा कमी.

शेवटच्या वाक्यातच सगळी गोम होती. ती आम्हाला कळायला सहा महिने लागले.

आराखडा असा ठरला: काउंटर बंद, सगळे सगळं विकणार, रोजची जागा फिरती. इन्चार्ज हे पद रद्द. ठरलेला पगार कमी आणि इन्सेंटिव्ह जास्त, तोही ज्याच्या नावाने बिल त्यालाच. प्रत्येकाला एक्स्टेंडेड वॉरंटीचं वेगळं टार्गेट. पोहोचवणं आणि बसवणं बरंचसं बाहेरच्या ठेकेदाराकडे, म्हणजे टेम्पोवरची चार माणसं कमी. काकांचा ठरलेला पगार २२,००० वरून १६,००० झाला. ‘मनापासून विकलंत तर तीस हजारांवर जाल,’ असं दादा म्हणाले, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

माझ्या हातून सुटलेली गोष्ट

ठरलेला पगार किमान वेतनाखाली जात नाही ना, एवढं मी तपासलं होतं. महाराष्ट्रात दुकानांसाठीच्या किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे ते सवयीने पाहिलं जातं. ग्रॅच्युइटीचा विचार मात्र मी केला नाही.

जूनमध्ये काका माझ्या टेबलाशी आले. ‘ताई, मी उद्या सोडलं तर मला किती मिळतील?’ त्यांच्या समोरच कॅल्क्युलेटर काढला. तेव्हाच्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे हिशोब सरळ होता: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. २२,००० वर एकोणीस वर्षांचे साधारण २ लाख ४१ हजार होतात. १६,००० वर १ लाख ७५ हजार. एका पाकिटाने काकांच्या म्हातारपणाचे ६५ हजारांवर रुपये कमी केले होते, आणि ते पाकीट मी भरलं होतं. काकांनी दोन्ही आकडे शांतपणे आपल्या डायरीत लिहून घेतले. मला त्या दुपारी जेवण गेलं नाही.

पीएफचंही तसंच. मूळ पगार उतरला की दोन्ही बाजूंचे १२ टक्के उतरतात. इन्सेंटिव्हमधून हातात येणारे पैसे तेवढेच राहिले तरी साठवण कमी होते, आणि ती महिन्याच्या पगारात दिसत नाही. अशी फेररचना करणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक माणसासाठी हे दोन आकडे आधी काढावेत, असं माझं आता स्पष्ट मत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते, कमिशन वगैरे मिळून एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झालं तर वरचा भाग वेतनातच धरायचा, अशी तरतूद आली आहे. तेव्हा ती नव्हती.

नोटिशीचंही राहिलं. सेवाशर्तीत कामगाराला तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवस आधी लेखी कळवावं, असं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-अ सांगत होतं. दुकानातला विक्रेता त्या कायद्याच्या व्याख्येत बसतो का, यावर वकील हवं तेवढं भांडतील. पण एकोणीस वर्षं काम केलेल्या माणसाला पेढ्याबरोबर पाकीट देऊन त्याच दिवसापासून पगार बदलायचा, हे कायद्यात बसलं असतं तरी रीतीत बसत नव्हतं.

टाकी किती उंच आहे?

तो उन्हाळा तसाही अवघड होता. कांद्याचे भाव पडलेले, मार्चमध्ये जिल्ह्यातले शेतकरी मुंबईकडे पायी निघालेले, एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारपीट. द्राक्ष-कांद्याचा पैसा हातात खेळला की मेन रोडला गर्दी होते. त्या वर्षी ती नव्हती. पावसामुळे एसीही थंडावले. त्यामुळे एप्रिल-मेची विक्री घसरली तेव्हा दादा म्हणाले, हवामान आहे. ज्येष्ठ म्हणाले, नवी पद्धत आहे. आकड्यांवरून हे सुटणारं नव्हतं. मला जे कळलं ते एका वॉशिंग मशिनवरून.

निफाड तालुक्यातलं एक जोडपं मे महिन्यात लग्नाच्या खरेदीला आलं. दारातच बाईंनी विचारलं, ‘ते फ्रिजवाले काका कुठंयत?’ काका त्या दिवशी फिरत्या जागेप्रमाणे मोबाइलवर होते, एका कॉलेजच्या पोराला कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल वाचून दाखवत होते. मोबाइलवरचा चुणचुणीत मुलगा मशिनजवळ होता. त्याने सात किलोचं फ्रंट लोड दाखवलं, वायफाय दाखवलं, शेजारी उभ्या प्रमोटरने दुजोरा दिला, फायनान्सवाल्याने हप्ता बसवला, वॉरंटी जोडली गेली. बिल फाटलं. मुलाच्या नावावर त्या दिवशीची सगळ्यात मोठी विक्री.

मशिन घरी गेलं आणि पाणीच घेईना. ठेकेदाराचा माणूस पाच दिवसांनी पोहोचला, नळ उघडून बघितला, ‘प्रेशर नाही, आमचा विषय नाही’ म्हणून परत गेला. घर बैठं, टाकी लोखंडी स्टँडवर, टाकीचा तळ मशिनच्या नळापासून फार तर दोन मीटर वर. दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. म्हणजे इथे ०.२. त्या मशिनच्या पुस्तिकेत किमान ०.३ लिहिलेलं होतं. लग्न उरकलं, मशिन खोक्याजवळ तसंच. जूनच्या सुरुवातीला बाई पुतण्याला घेऊन दुकानात आल्या तेव्हा त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता.

काका मोबाइलचं काउंटर सोडून पुढे झाले. बाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि चार प्रश्न विचारले: ‘टाकी किती उंच आहे? पाणी बोअरचं की नळाचं? लाइट किती वेळ जाते? मशिन ठेवायचंय कुठं?’ हे प्रश्न ते एकोणीस वर्षं प्रत्येकाला विचारत आले होते. बोअरच्या क्षारांनी मशिनच्या हीटरवर थर चढतो, लाइट मध्येच गेली की धुणं अडकतं, ओसरीवरच्या मशिनवर पावसाचे थेंब येतात. सेमी ऑटोमॅटिकमध्ये पाणी नसेल तर बादलीने ओतता येतं. बाईंना ते हवं होतं, आणि ते स्वस्तही होतं. मशिन बदलून दिलं. फोडलेल्या खोक्यातलं फ्रंट लोड डिस्प्ले पीस झालं, त्याचं नुकसान दुकानाला. दोन्ही बिलांवर काकांचं नाव कुठेही नव्हतं.

संध्याकाळी मी दादांना एवढंच विचारलं, की आज दुकानात विक्री कोणी केली?

आठ दिवसांची वही

श्रावणात शेठनी मला आठ दिवस तिन्ही दुकानांत बसायला सांगितलं. मी एक वही घेतली आणि प्रत्येक मोठ्या वस्तूच्या विक्रीमागे कोणाकोणाचा हात लागला ते लिहीत गेले. विक्रीचं रजिस्टर एकच नाव सांगायचं. वहीत चार-पाच नावं निघायची.

कॉलेज रोडचं एक उदाहरण जसंच्या तसं देते. सिडकोत राहणाऱ्या, अंबडच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांना डबल डोअर फ्रिज हवा होता. पहिल्या दिवशी तिथल्या विक्रीवरच्या मुलीने त्यांना पाऊण तास दिला. स्वयंपाकघरातल्या कोनाड्याचं माप घरून आणायला सांगितलं, दरवाजा डावीकडे उघडतो की उजवीकडे हे विचारलं, मागे हवेला किती जागा सोडायची ते कागदावर काढून दिलं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले तेव्हा मुलीची सुट्टी होती. दुसऱ्याने रंग दाखवले. तिसऱ्या दिवशी ते माप घेऊन आले तेव्हा ती जेवायला गेलेली, आणि दाराशी मोकळा असलेल्या मुलाने वीस मिनिटांत बिल केलं. ती डबा आवरून खाली आली, बिल पाहिलं, आणि गिऱ्हाइकासमोरच दोघांची जुंपली. गृहस्थ ओशाळून म्हणाले, ‘अहो, दोघांचं नाव टाका ना.’

बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नावांची सोयच नव्हती.

पुढच्या आठवड्यापासून त्या मुलीने काय केलं? माप आणायला सांगणं बंद केलं. गिऱ्हाईक घरी गेलं की ते आपलं राहत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. आहे त्याच पावली गळ्यात मारायचं. दुपारचं जेवणही ती पटकन उरकू लागली, काही दिवशी टाळू लागली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितलेली होती. आमच्या इन्सेंटिव्हने ती तिच्याच हातून काढून घेतली होती.

आणि ज्येष्ठांच्या नावावर बिलं कमी का, हेही वहीत उघडं पडलं. ते दिवसभर दुसऱ्यांची बिलं वाचवत होते. बिघडलेलं गिऱ्हाईक शांत करणं, कोणता फ्रिज दिवाळीनंतर पडून राहील हे गोडाऊनवाल्याला आधी सांगणं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ओळखीने फोन करून माणूस लवकर पाठवायला लावणं. एप्रिलनंतर त्यांनी ते सोडून दिलं, कारण नवा नियम त्यांना तेच सांगत होता. मी काकांना विचारलं तेव्हा म्हणाले, ‘ताई, कागदावर जे लिहिलंय तेच करतोय.’

अमेरिकेतला एक दाखला

त्या दिवसांत मी दादांना एक जुनी गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. अमेरिकेत सर्किट सिटी नावाची इलेक्ट्रॉनिक्सची मोठी साखळी होती. तिथे विक्रेत्यांना कमिशन असायचं. तिची प्रतिस्पर्धी बेस्ट बायने १९८९ मध्येच कमिशन काढून पगारावर माणसं ठेवली होती. सर्किट सिटीने ते २००३ मध्ये केलं आणि सुमारे ३,९०० कमिशनवाले विक्रेते कमी केले. मग मार्च २००७ मध्ये आणखी सुमारे ३,४०० जणांना एका फटक्यात काढलं. त्यांचा गुन्हा एकच, त्यांचा तासाचा पगार त्या कामाच्या बाजारभावापेक्षा जास्त होता. दहा आठवड्यांनी कमी पगारावर पुन्हा अर्ज करायची मुभा दिली. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ च्या सुरुवातीला दुकानं बंद झाली.

एवढी मोठी कंपनी केवळ या एका निर्णयाने बुडाली असं म्हणणं खोटं होईल. मंदी होती, जागा चुकलेल्या होत्या, स्पर्धा तर होतीच. पण महागडा विक्रेता म्हणजे नुसता खर्च, ही समजूत आमच्या एप्रिलच्या कागदावरही तशीच होती. दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पण बेस्ट बाय कमिशन काढून टिकली, ते पण सांगा ना.’ बरोबरच होतं त्यांचं. कमिशन असावं की नसावं हा आमचा प्रश्न नव्हताच. विक्री एका माणसाची मानायची की दुकानाची, हे ठरवायचं होतं.

पितृपक्षातल्या बैठका

पितृपक्षात कोणी नवी वस्तू घेत नाही, दुकानात माणसं मोकळी असतात. तोच वेळ धरला. या वेळी शेठनी दुकानं एकेक दुपार लवकर बंद ठेवून सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवलं आणि स्वतःही बसले. पहिल्या बैठकीत पहिला अर्धा तास कोणी तोंड उघडलं नाही. टेम्पोवर राहिलेला एक माणूस पहिल्यांदा बोलला: ‘आम्ही वस्तू घरात ठेवतो तेव्हा बाई विचारते, हे कसं चालवायचं. आम्हाला माहीत नसतं. विकणाऱ्याला माहीत असतं, तो येत नाही.’ सगळी चर्चा त्या वाक्यावर फिरली.

घटस्थापनेपासून, १५ ऑक्टोबर २०२३ पासून, नवी रचना लागू झाली. ठरलेला पगार सगळ्यांचा मार्चच्या आकड्यावर परत आला आणि मधल्या महिन्यांचा पीएफचा फरक मालकांनी भरला. त्यासाठी शेठना कोणी भाग पाडलं नव्हतं. काउंटर परत आले, पण भिंती नाहीत: प्रत्येकाचं एक मुख्य काउंटर आणि एक शेजारचं. फ्रिजवाल्याला मशिन, टीव्हीवाल्याला साउंडबार, एसीवाल्याला हिवाळ्यात गिझर. लग्नाच्या खरेदीला मात्र एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत फिरतो. मॉडेलची माहिती काउंटरवाला देतो, बजेट हा सांभाळतो. दादांचं मूळचं म्हणणं इथे अगदी चपखल बसलं.

काउंटर इन्चार्ज परत आणले नाहीत. त्याऐवजी काकांसारख्या चौघांना ‘जाणकार’ म्हटलं आणि त्यासाठी महिन्याचा वेगळा ठरलेला भत्ता दिला. काम एवढंच: नव्या मुलांना शिकवायचं आणि बिघडलेलं गिऱ्हाईक सांभाळायचं. त्यांच्या बिलांची मोजणी नाही.

इन्सेंटिव्हचा बदल सगळ्यात मोठा. आता दुकानाचा एकच गल्ला. त्यातला अर्धा हजेरीच्या दिवसांप्रमाणे सगळ्यांत वाटायचा, गोडाऊन आणि बिलिंगसकट. उरलेला अर्धा कार्डावर. प्रत्येक मोठ्या वस्तूमागे एक पिवळं कार्ड, वर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर, खाली तीन रकाने: दाखवलं कोणी, बिल कोणी केलं, चालू करून दिलं कोणी. तिघांना सारखा वाटा. गिऱ्हाईक मेन रोडला बघून नाशिक रोडला घेतं तेव्हाही नंबरावरून कार्ड सापडतं. आणि वस्तू घरी बसून सुरू झाल्याचा फोन झाल्याशिवाय कार्ड गल्ल्यात जात नाही. बिल फाटलं म्हणजे विक्री झाली, ही मोजणी तिथे संपली. हे फोन बिलिंगवरच्या एका बाईंनी अंगावर घेतले, आणि तिसऱ्या रकान्यासाठी टेम्पोवर दोन माणसं पुन्हा पगारावर आली.

आणखी एक लहान गोष्ट, पण मला ती महत्त्वाची वाटते. प्रत्येक काउंटरमागे एकेक स्टूल आलं. दुकानात उभं राहणाऱ्यांना बसू द्या, असं केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने सांगितलं. आम्ही ते नाशिकमध्ये कोणी न सांगता केलं. पहिले काही दिवस कोणी बसत नव्हतं. मग शेठ स्वतः येऊन एकेकाला ‘बस रे’ म्हणू लागले.

जे सुटलं नाही

प्रमोटरचा प्रश्न अर्धाच सुटला. नियम केला की गिऱ्हाइकाशी पहिलं बोलणं दुकानाच्या माणसाने करायचं. गरज, माप, बजेट कळल्यावर दोन-तीन मॉडेल निघाली की मगच त्या कंपनीचा प्रमोटर पुढे यायचा. एका कंपनीच्या साहेबाने डिस्प्लेचे पैसे थांबवायची भाषा केली. ऐन दिवाळीत नियम सैल पडला आणि अजूनही गर्दीच्या दिवशी सैलच पडतो. ती पोरंही टार्गेटखाली दबलेलीच आहेत, त्यांच्यावर डोळे वटारून काय मिळणार?

कार्डांत हातचलाखी होते. दोघं मित्र एकमेकांची नावं टाकतात. आम्ही महिन्यातून काही कार्डं काढून गिऱ्हाइकाला फोन करतो, पण ते पुरत नाही. वॉरंटीचं टार्गेट दादांनी ठेवलंच आहे. माझा त्याला विरोध आहे आणि तो मी दर तिमाहीला नोंदवते.

आणि माणसं गेली ती गेली. एप्रिल ते सप्टेंबर या काळात तिघांनी सोडलं. त्यात टीव्हीच्या काउंटरचा सगळ्यात हुशार माणूस होता. त्याने खिशातली फोनची वही बरोबर नेली, आणि नाशिक रोडची कितीतरी घरं तो आता दुसऱ्या दुकानातून सांभाळतो. ऑक्टोबरमध्ये शेठ स्वतः त्याच्या घरी गेले होते. त्याने चहा पाजला, पाया पडला आणि नाही म्हणाला. कॉलेज रोडची ती मुलगी राहिली. ती आता पुन्हा कोनाड्याचं माप आणायला सांगते.

२०२५ चा भाद्रपद

रचनेची खरी परीक्षा आम्ही ठरवली नव्हती, ती आली. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. ३ सप्टेंबरला परिषदेने दर जाहीर केले: एसी आणि ३२ इंचांवरचे टीव्ही २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर. करापूर्वी ३०,००० चा एसी ३८,४०० ला पडायचा, तो आता ३५,४०० ला पडणार. तीन हजार वाचत असतील तर कोण आज घेईल? २७ ऑगस्टला गणपती बसले, आणि मोठ्या टीव्हीसमोर गर्दी असायची त्या दिवसांत गिऱ्हाईक नुसतं बघून जात होतं.

२०२३ च्या एप्रिलचा कागद चालू असता तर त्या महिन्यात काकांच्या घरात १६,००० आले असते. विक्रेत्याच्या हातात ना कर होता, ना घोषणा. आणि पगार बिलावरच टांगलेला असता तर पोरांनी काय केलं असतं, तेही मला दिसतं: ‘दर कमी होणार ही अफवा आहे, आजच घ्या.’

त्यांनी तसं केलं नाही. कॉलेज रोडवर त्या मुलीला मी स्वतःच्या कानांनी म्हणताना ऐकलं, ‘काका, २२ तारखेपर्यंत थांबा, तुमचे पैसे वाचतील. नंबर देऊन ठेवा.’ प्रत्येक नंबरामागे तिने पिवळं कार्ड काढलं, पहिला रकाना भरला आणि बाकीचे दोन कोरे ठेवले. तिन्ही दुकानांत अशी कार्डं रबर बँड लावून गल्ल्याशेजारी साठत गेली. दादा रोज संध्याकाळी तो गठ्ठा हातात घेऊन वजन केल्यासारखा पाहायचे आणि परत ठेवायचे.

२२ सप्टेंबरला घटस्थापना होती. सकाळी मेन रोडला गेले तेव्हा घट बसलेले, दारात झेंडूचं तोरण, नव्या किमतीच्या पट्ट्या अजून अर्ध्याच लावून झालेल्या. काका काउंटरमागच्या स्टुलावर बसले होते. चष्मा नाकावर, पुढ्यात कार्डांचा गठ्ठा. वरचं कार्ड उचलून त्यांनी नंबर लावला. पलीकडून कोणीतरी उचललं.

‘नमस्कार, दुकानातून बोलतोय. तुम्ही त्या दिवशी थांबला होतात ना? भाव उतरलाय. आणि हो, गॅलरीची रुंदी मोजून ठेवा म्हटलं होतं, मोजलीत का?’